पुरायचं राहिलेलं पुस्तक

ठाणे, गुरुवार, २७ मार्च

फ्रीजचे कप्पे मोरीत घासत होते तेव्हा नाशिकहून फोन आला. वल्हांडण सोळा दिवसांवर आला होता आणि माझं स्वयंपाकघर निम्मंच उरकलं होतं. आम्हा बेने इस्राएल लोकांची ह्या सणाआधीची सफाई दिवाळीच्या सफाईसारखी नसते. आम्ही धूळ शोधत नाही, खमीर शोधतो. पावाचा चुरा, बिस्किटाचा तुकडा, गव्हाच्या पिठाचा डबा, सगळं घराबाहेर जायला हवं, कारण तसं लिहिलेलं आहे. का लिहिलेलं आहे यावर आमच्यात कितीही वाद होतील, पण कपाट वाद चालू असतानाच रिकामं करायचं असतं.

फोन फिलोमिनाचा होता. फिलू माझी लहानपणची शेजारीण. नाशिकरोडला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोन घरांत एक भिंत आणि एक नळ होता. माझे वडील मालधक्क्यावर कारकून, तिचे वडील फिटर. आम्ही यहुदी, ते कॅथलिक, आणि बाकीचे शेजारी दोघांनाही ‘चर्चवाले’ म्हणत. माझी आई वर्षातून एकदा समजावून सांगायची की आम्ही चर्चवाले नाही, आणि मग वर्षभर सोडून द्यायची.

“रिबका, तू येऊन जा,” फिलू म्हणाली. “आई प्रसाद घेत नाही.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर प्रत्येकाला एक पातळ गोल भाकर देतात. त्यांच्या लेखी ती भाकर नसते, देवाचं शरीर असतं. मोठं पाप मनात ठेवून ती घ्यायची नाही, आधी ते फादरपाशी कबूल करायचं. फिलूची आई, शांतामावशी, वय शहाऐंशी, हिने आयुष्यात एखादाच रविवार चुकवला असेल. पण यंदा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे इस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवसापासून, ती प्रसादाच्या रांगेत उभी राहत नव्हती.

“फादरकडे गेली होती का?”

“गेली होती. फादर म्हणाले, झालं, माफ झालं. ही म्हणते, त्यांच्याकडून झालं, रिबकेचं राहिलंय.”

“माझं काय राहिलंय?”

“ते तुलाच सांगणार म्हणते. फेब्रुवारीत न्हाणीत पडली, तेव्हापासून तिचं काही खरं नाही गं. अशीच गेली आणि प्रसादाविना गेली, तर मी ते कुठं घेऊन जाऊ?”

फिलू शाळेत शिकवते आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. सहसा रडत नाही, फोनवर रडत होती. मी औषधाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. शुक्रवारची रजा टाकली, कप्पे पुसून परत बसवले आणि काळ्या मनुका भिजत घातल्या.

नाशिकरोड, शुक्रवार

मनुका कशाला, ते आधी. शब्बाथच्या संध्याकाळी आशीर्वाद म्हणायला द्राक्षारस लागतो. कोकणात आमच्या पूर्वजांना तो मिळेना, म्हणून मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायची रीत पडली आणि ती अजून आहे. हे सरबत मी बाटलीत भरून नेलं आणि कसारा घाटात बाटलीचं झाकण निघालं. नाशिकच्या द्वारका चौकात बसमधून उतरले तेव्हा माझ्या कुर्त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत जांभळा पट्टा होता. पुलाखाली द्राक्षांच्या हातगाड्या ओळीने लागल्या होत्या. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, विकत घेऊन खावीत, बागेत बसून नाही.” मी तिच्याकडून अर्धा किलो घेतली.

शेअर रिक्षा नाशिकरोडला शिरली तशी मी उजवीकडे बघत राहिले. आमच्या क्वार्टर्सच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत मोडक्या गाड्या उभ्या आहेत. नळाजवळची कडुलिंबाची रांग मात्र आहे. त्या नळावर माझी आई आणि शांतामावशी रोज पहाटे भेटत. गुरुवारी आई मासळीवाल्याला खवले दाखव म्हणायची, शुक्रवारी मावशी मटण शिजवत नसे, शनिवारी आमची चूल पेटत नसे, रविवारी मावशीकडे कोणी सुईदोरा हातात घेत नसे. आठवड्यातल्या चार दिवसांना चार नियम, आणि दोघींना चारही तोंडपाठ. मी रिक्षा थांबवली नाही. थांबवून बघण्यासारखं काही नव्हतं.

मावशीचं घर चर्चच्या मागच्या वसाहतीत आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तुळशीऐवजी मारियेची लहान मूर्ती आणि तिच्यापुढे जास्वंद. मावशी खाटेवर उशाला टेकून बसली होती. पूर्वी घमेलं डोक्यावर घेऊन ताठ चालणारी बाई आता मुठीएवढी झाली आहे. आवाज तेवढा तसाच.

“आलीस? ह्ये काय सांडून घेतलंस?”

“सरबत.”

“मनुकाचं? फिलू, मनुका गरम पाण्यात टाक. दिवस मावळायच्या आत व्हायला पायजे, नाय तर हिचा शब्बाथ कोरडा जाईल.”

जेवायला कटला माशाचं कालवण आणि भाकरी होती. बाजूला फिलूने हौसेने सुकटीची चटणी ठेवली होती. मावशीने खाटेवरून ताट बघितलं.

“अगं, दाविदभाऊंच्या पोरीला सुकट वाढतीस? ज्याला खवलं नाय, पर नाय, ते त्यांना चालत नाय. येवढी शाळा शिकवतीस.”

“आई, ती ठाण्यात काय काय खात असेल तुला काय माहीत?”

“सुकट नाही खात,” मी म्हटलं.

“बघ.”

फिलूने चटणी स्वतःच्या ताटात घेतली. “आमचं बरं आहे,” ती म्हणाली. “हे सगळं आमच्याकडे येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या वेळीच मोकळं झालं. आता फक्त शुक्रवारी मटण नाही, तेसुद्धा फादरनी सांगितलं तर सुटतं.”

“तुमच्याकडे सांगणारा आहे,” मी म्हटलं. “आमच्याकडे लिहिणारा लिहून निघून गेला.”

मावशी हसली नाही. ती ह्या विषयावर कधीच हसायची नाही.

संध्याकाळी फिलू चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेला गेली. प्रायश्चित्तकाळातल्या दर शुक्रवारी तिथे चौदा चित्रांपुढे थांबत थांबत प्रार्थना म्हणतात. मी कपाटावर दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. हात काढला तेव्हा मावशीने सुरुवात केली होती.

“पेटी जाळली मी.”

“कोणती पेटी?”

“तुझ्या बापाची. पुस्तकांची.”

ती पेटी मी विसरले होते हे कबूल करते. पत्र्याची, हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. आमच्यात प्रार्थनेची पुस्तकं जुनी झाली, फाटली, वाळवी लागली तरी फेकत नाहीत आणि जाळत नाहीत. त्यांत देवाचं नाव लिहिलेलं असतं. ती माणसासारखी पुरतात, आणि जमलं तर आमच्यातलं कोणी वारलं की त्याच्या कबरीत ठेवतात. बाबांना रेल्वेचा पास होता. देवळाली, इगतपुरी, मनमाड, जिथे जिथे आमचं एखादं घर होतं तिथून ते अशी पुस्तकं गोळा करून आणत. आई म्हणायची, लोक पासावर काशी करतात, हे रद्दी करतात. पेटी भरली. पण पुरायला कोणाचं मरण मिळेना. एकेक घर मुंबईला गेलं, इस्राएलला गेलं. नाशकात मरायला आमच्यातलं कोणी उरलं नाही. मग बाबांचीही बदली झाली आणि पेटी त्यांनी भिंतीपलीकडे मावशीकडे ठेवली. महिन्याभरात नेतो म्हणाले.

“तेवीस वर्षं वाट बघितली,” मावशी म्हणाली. “मंग अकरा वर्षांमागं वाळवी लागली. पेटीतून भिंतीत, भिंतीतून खाटंला. पावसाचे दिवस, वसाहतीत कुत्री, पुरलं तर उकरून काढतील. आमच्याकडं जुन्या झावळ्या, मोडलेली जपमाळ, फाटलेलं चित्र, असं पवित्र काय असलं की जाळत्यात. जुन्या झावळ्या फादर मागून घेत्यात, त्यांचीच राख बुधवारी कपाळाला लावत्यात. मी म्हणलं, झावळ्यासंगं जाळू, राख चर्चलाच जाईल, म्हंजी वाया नाय जाणार. डबाभर राख दिली.”

“म्हणजे त्या वर्षी बाबांची पुस्तकं वसाहतीतल्या सगळ्यांच्या कपाळाला लागली?”

“सगळ्यांच्या. माझ्या, फिलूच्या. फादरच्या बी.”

मला हसू आलं. बाबांना ते आवडलं असतं का, मला माहीत नाही. त्यांनी बहुधा दोन दिवस कोणाशी बोलायचं सोडलं असतं. मी म्हटलं, “मावशी, तू टाकून नाही दिलीस. तुला वाटलं ते मानानेच केलंस. माझ्याकडून माफ.”

“दाविदभाऊ म्हणले व्हते, शांताबाई, ह्ये मयत हाय, पुरायचं. मी त्यांचं मयत जाळलं.” तिने माझ्याकडे बघितलं. “तू का नाय आलीस न्यायला?”

हा प्रश्न बाबांनी मला दोनदा विचारला होता. शेवटच्या आजारपणातही. मी दोन्ही वेळा ‘जाऊ या’ म्हटलं होतं. नंतर ते गेले त्याला सतरा वर्षं झाली.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं.

“तुझी तू बघ. मी माझं बोलतीया.”

फिलू आली तेव्हा मावशी सरबताचा घोट घेत होती. मी फिलूला खूण केली की झालं. तिने भाकरीचं पीठ मळताना मला ऐकू येईल इतका मोठा श्वास सोडला.

शनिवार

शब्बाथला मी प्रवास करत नाही, फोनला हात लावत नाही. फार सोवळी नाही, पण एवढं पाळते. त्यामुळे नाशिकला येऊन ना गोदाकाठ बघितला ना मिसळ खाल्ली. दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिले. फिलू तांदूळ निवडत होती. मला मदत करता येईना. आमच्याकडे शब्बाथला निवडणं हे काम मोजलं जातं.

“हे पण लिहिलंय?” तिने विचारलं.

“नुसतं ‘काम करू नकोस’ एवढं लिहिलंय. निवडणं हे काम आहे की नाही, यावर नंतरच्या लोकांनी शेकडो वर्षं वाद घातला. तो वादही आम्ही लिहून ठेवला, हरलेल्यांच्या मतांसकट.”

“हरलेल्यांची कशाला?”

“उद्या तेच बरोबर निघाले तर?”

“आमच्याकडचं भांडण रोमला जाऊन मिटतं,” फिलू म्हणाली. “पुस्तक तर तुमचंच, अर्धं. पण त्याचा अर्थ काय हे मुलांना मी माझ्या मनाने नाही सांगत. चर्च काय सांगतं ते सांगते. मला त्याने बरं वाटतं. प्रत्येक गोष्टीला माझंच डोकं कुठं लावू?”

तिचं म्हणणं मला पटलं, आणि थोडा हेवाही वाटला. आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, मोशेच्या ग्रंथाची, तोराची, गुंडाळी कपाटातून काढतात तेव्हा सगळे उभे राहतात. चामड्यावर हाताने लिहिलेली असते, तिला उघड्या बोटाने शिवत नाहीत, वाचताना चांदीची काडी फिरवतात. एक अक्षर तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला चालत नाही. हातातून पडली तर उपास करण्याची रीत आहे. मी फिलूला विचारलं, चर्चमध्ये बायबल पडलं तर?

“उचलायचं. पुसायचं.”

“आणि प्रसाद पडला तर?”

तिचे हात तांदळात थांबले. “बापरे. मग सगळं थांबतं. फादर स्वतः उचलतात, जागा धुतात.”

दोघींना एकदमच कळलं. त्यांचं शरीर भाकरीत आहे आणि आमचं कागदात. लहानपणी एकाच नळावर पाणी भरताना हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, कारण मावशीला कळत होतं की आमचं पुस्तक उपडं ठेवायचं नाही, आणि आईला कळत होतं की मिस्साच्या आधी फिलूला खाऊ द्यायचा नाही.

तेवढ्यात आतून मावशीने हाक मारली. “फिलू, उद्याची साडी काढू नको. मी बाकावर बसून राहीन. प्रसाद नाय घेणार.”

फिलू तांदळाचं ताट घेऊन तशीच आत गेली. “आई, आता काय राहिलं? फादरनी माफ केलं, हिने माफ केलं. आता काय देवाने चिठ्ठी पाठवायची का?”

“तिला आत बोलव.”

मी गेले. मावशीने उशीखालून एक कापडी पिशवी काढली आणि मांडीवर ठेवली. सोडली नाही, दोन्ही हात वर ठेवले.

“सगळी नाय जाळली,” ती म्हणाली.

पिशवीत तेहिलिम होतं, म्हणजे दाविद राजाची स्तोत्रं. उजव्या पानावर हिब्रू, डाव्या पानावर मराठी. पुठ्ठा गेलेला, पाठीला चादरीच्या कापडाची पट्टी शिवलेली. मला ते लांबूनच ओळखू आलं. बाबा ते सकाळी चहाआधी वाचत. फाटल्यावर त्यांनीच ते पेटीत टाकलं होतं आणि नवं घेतलं होतं.

“हे तर तुझं चर्चचं स्तोत्रांचं पुस्तक ना?” फिलू म्हणाली. “रोज पहाटे वाचतेस ते?”

“चर्चचं नाय. ह्यांचं. बाकीच्यातलं मला काय कळंना, समदी तुमची अक्षरं. जाळली. ह्ये उघडलं तर डावीकडं मराठी. मेंढपाळाचं स्तोत्र. म्हणलं, अगं, ह्ये तर आपलंच. मंग कसं जाळू?”

“मग पुरायचं,” मी म्हटलं.

“पुरलं असतं तर वाचलं कसं असतं?”

फिलू खाटेच्या कडेला बसली. “आणि फादरला हे सांगितलं नाहीस?”

“जाळल्याचं तवाच सांगितलं, औंदा बी सांगितलं. ह्ये नाय सांगितलं. सांगितलं असतं तर ते म्हणले असते, ज्याचं त्याला देऊन टाक. मंग द्यावं लागलं असतं.”

“आई, अकरा वर्षं?”

“तुझा बाप गेला तवापासून जपमाळ हातात धरली की झोप लागायची. ह्ये वाचलं की नाय लागायची.” मग मला म्हणाली, “आता सांग. अर्धं पाप सांगून प्रसाद घेतला मी, इतकी वर्षं. औंदा राखेच्या बुधवारी फादरनी राख लावली आन् तुझ्या बापाची पेटी आठवली. परत नाय घेतला.”

मला हे सोपं वाटलं. आता सांगायला लाज वाटते इतकं सोपं. “मग ठेव तुझ्याकडे,” मी म्हटलं. “मी दिलं तुला. आता ते चोरलेलं राहिलं नाही.”

“आसं नाय. चोरलेलं हातातच ठिवायचं आन् तू ‘दिलं’ म्हणायचं? मी सोडलं कुठं? आधी घे.”

मी पिशवी घेतली. तिचे हात रिकामे झाले तसे तिने ते पदराला पुसले.

“आता मी परत दिलं तर घेशील?”

“नाय. दाविदभाऊ म्हणले व्हते पुरायचं, तर पूर. पुरलंस की सांग. मंग मी फादरकडं जाऊन राहिलेलं बोलते, आन् प्रसाद घेते.” तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. “पुरशील ना? का माझ्यावानी करशील?”

मला राग आला, कारण त्या क्षणी मी नेमकं तेच ठरवत होते.

रविवार

पाडवा होता. वसाहतीच्या पलीकडच्या इमारतींतून गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात साखरेच्या गाठी लटकत होत्या. फिलू आणि मी मावशीला दोन्हीकडून धरून चर्चमध्ये नेलं. मी शेवटच्या बाकावर बसले. मूर्तींपुढे आम्ही गुडघे टेकत नाही, पण बाकावर बसायला आमच्याकडे कोणी मनाई लिहिलेली नाही.

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायच्या वेळी सगळे उभे राहिले. कपाळावर, ओठांवर, छातीवर अंगठ्याने क्रूस काढला, आणि वाचून झाल्यावर फादरनी पुस्तकाचं चुंबन घेतलं. आमच्याकडे गुंडाळी बाकांमधून नेतात तेव्हा आम्ही बोटं तिच्या वेष्टनाला लावतो आणि ओठांशी नेतो. त्या एका गोष्टीसाठी मला तिथे घरच्यासारखं वाटलं. नंतर फादरनी पंधरा मिनिटं त्या उताऱ्याचा अर्थ सांगितला आणि कोणीही उलट प्रश्न विचारला नाही. त्या एका गोष्टीसाठी परक्यासारखं.

प्रसादाची रांग लागली. फिलू गेली. मावशी बाकावर बसून राहिली, हात मांडीवर, नजर समोर. शेजारच्या बाया तिच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे गेल्या आणि आल्या. फिलूने परत येऊन डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

बाहेर आवारात आंब्याखाली उभी राहून मी ठाण्याला आमच्या हजानसाहेबांना फोन लावला. हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारे. ते पाप माफ करत नाहीत, त्यांना तो अधिकार नाही. त्यांना फक्त पुष्कळ पाठ आहे.

“पुस्तक वाचता येण्यासारखं आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. पाठ शिवलेली आहे.”

“कोणी शिवली?”

“एका कॅथलिक बाईने.”

“चांगली शिवली आहे?”

“चांगली.”

“मग पुरायची सक्ती नाही. वापरात असलेलं पुस्तक पुरत नाहीत. तू ठेवू शकतेस.”

“पण बाबांनी पुरायला काढलं होतं. आणि ही बाई त्यावर अडून बसली आहे.”

“तेही खरं. मेलेल्याची इच्छा पाळावी असंही लिहिलं आहे.”

“मग करू काय?”

“मी काय लिहिलंय ते सांगितलं. करायचं तुला आहे.”

फिलूला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तुमच्या हजानला फोन करून काय उपयोग झाला?” मी म्हटलं, आता मला कळलं की मी ठेवलं तर तो नियम मोडणं नाही, फक्त मावशीला उपाशी ठेवणं आहे. निघताना फिलूने मला मनुकांची पुडी दिली, वल्हांडणाच्या सरबतासाठी. मावशी खाटेवरून म्हणाली, “झाकण नीट लाव ह्या खेपेला.”

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घोटीपर्यंत पिशवी उघडली नाही. मग उघडली. बाबांनी समासात पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, कोणतं स्तोत्र कशासाठी वाचलं. मालधक्क्यावर संप. आईचं ऑपरेशन. रिबकेला गोवर. एका ठिकाणी, रिबकेचा गणिताचा पेपर. दुसऱ्या कडेला निळ्या पेनाने लहान लहान क्रूस होते आणि त्यांपुढे मावशीचं वेडंवाकडं अक्षर. फिलूच्या बापाची छाती. फिलूची बदली. फिलूला डेंगू. एकाच पानाच्या दोन कडांना दोन घरांची दुखणी, मध्ये दाविद राजाचं हिब्रू-मराठी.

गणिताच्या पेपरच्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढला. एकाच पानाचा. हे मावशीला सांगितलेलं नाही.

ठाणे, सोमवार

सकाळी सात वाजता जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा फाडला, पुस्तक त्यात गुंडाळलं आणि आमच्या कब्रस्तानात गेले. रखवालदाराने विचारलं, काय पुरायचंय. मी पुस्तक म्हटल्यावर त्याने कुदळ आणली. बाबांच्या कबरीच्या डोक्याशी जमीन कडक होती. त्याने वरचा थर फोडून दिला, खालची माती मी खुरप्याने काढली. गुंडाळी ठेवली, माती लोटली, वर एक दगड ठेवला. बाबांना म्हटलं, उशीर झाला.

तिथूनच फिलूला फोन लावला.

“मावशीला सांग, पुरलं.”

फोन मावशीच्या हातात गेला असावा. “किती खोल?” तिने विचारलं.

“हातभर.”

“कशात गुंडाळलंस?”

“सुती चादरीत. धुतलेल्या.”

मग ती फोन बाजूला धरून बोललेली ऐकू आली. “फिलू, फादरला इचार दुपारी घरी असत्यात का. आन् संध्याकाळच्या मिस्साला रिक्षा सांग.”

फाटकाजवळ नळ आहे. कब्रस्तानातून निघताना आम्ही हात धुतो आणि ते पुसत नाही. मी धुतले, खुरपं पिशवीत टाकलं आणि ओल्या हातांनी कामावर गेले.